‘ययाति’ आणि ‘कोसला’ एकच आहेत

वरचं विधान माझं नाही. मराठी साहित्याबद्दल इतकं धाडसी विधान करायला लागतो तो अभ्यास माझ्याकडे नाही आणि ती छातीही नाही. हे विधान एका डेटाबेसचं आहे. खांडेकरांची १९५९ ची ‘ययाति’ आणि नेमाड्यांची १९६३ ची ‘कोसला’ ही दोन पुस्तकं नसून एकच पुस्तक आहे, असं त्याने मला एका रात्री पावणेबारा वाजता लाल अक्षरांत कळवलं. दुःखाची गोष्ट अशी, की त्याच्या बाजूने पाहिलं तर त्याचं बरोबर होतं.

सुरुवात जिन्यात झाली.

“अहो, तुम्ही कॉम्प्युटरमध्ये आहात ना?” पहिल्या मजल्यावरच्या गृहस्थांनी विचारलं. या प्रश्नाला मी आजवर जेव्हा जेव्हा ‘हो’ म्हटलं आहे तेव्हा माझ्या हातात एकतर बिघडलेला प्रिंटर आला आहे, नाहीतर कुणाच्या तरी भाच्याचा बायोडेटा. या वेळी वाचनालय आलं. हे गृहस्थ त्या वाचनालयाचे कार्यवाह. (भाचाही आला, पण पुढे.)

वाचनालय ‘ब’ वर्गाचं. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याप्रमाणे वर्ग, वर्गाप्रमाणे अनुदान, अनुदानामागोमाग तपासणी, आणि तपासणीत दरवर्षी तोच प्रश्न: पुस्तकं नक्की किती? कपाटातली मोजली तर एक आकडा यायचा, एक्सेलमध्ये पाहिलं तर दुसरा. कारण यादी कॉलेजच्या मुलांनी दोन उन्हाळी सुट्ट्यांत टाइप केली होती. जेवून आल्यावर आपण कुठल्या कपाटापर्यंत पोचलो होतो हे काही वेळा त्यांना आठवलं नव्हतं, आणि नाही आठवलं की तरुण माणूस संकोच न करता पहिल्या कपाटापासून सुरुवात करतो. बावीस हजार पुस्तकांच्या वाचनालयाची एक्सेलमधली संपत्ती त्यामुळे चोवीस हजारांवर गेली होती.

“फक्त एवढंच करा,” कार्यवाह म्हणाले, “एकच पुस्तक दोनदा नोंदलं जाता कामा नये. बाकी काही नको.”

आमच्या धंद्यात ज्या वाक्यात ‘फक्त’ येतं त्या वाक्याला सहा महिने लागतात. पण त्या दिवशी मला त्यातला ‘फक्त’ खटकला आणि खरा घातक शब्द निसटला. तो शब्द होता ‘एकच’.

मी काम कोड-फर्स्ट पद्धतीने करायचं ठरवलं. ही पद्धत ज्यांना माहीत नाही त्यांना गुंठेवारी माहीत असेल. पूर्वी डेटाबेस म्हणजे मंजूर नकाशा असलेलं बांधकाम असायचं. एक ज्येष्ठ, कपाळावर आठ्या असलेला डेटाबेसवाला टेबलं आखून द्यायचा, कॉलमची लांबी ठरवायचा, आणि मग आम्ही प्रोग्रॅम लिहायचो. कोड-फर्स्टमध्ये उलटं. आधी घर बांधायचं, राहायला जायचं, आणि मग कागद बनवायचे. तुम्ही प्रोग्रॅममध्ये ‘पुस्तक’ नावाचा वर्ग (क्लास) लिहा, त्याला शीर्षक आहे, लेखक आहे एवढं सांगा, खालचा डेटाबेस आपोआप तसा बांधला जाईल. मायक्रोसॉफ्टच्या एंटिटी फ्रेमवर्कमध्ये ही सोय २०११ साली आली, आणि झालेलं बांधकाम वेळोवेळी नियमित करून घेण्याची, म्हणजे मायग्रेशनची, सोय २०१२ साली. महाराष्ट्राचा गुंठेवारी कायदा २००१ चा आहे. म्हणजे या बाबतीत आपण अमेरिकेच्या पूर्ण दहा वर्षं पुढे होतो.

मायग्रेशन म्हणजे एका बदलाची एक फाइल. तिच्यात दोन भाग असतात, ‘अप’ आणि ‘डाउन’. अपमध्ये बदल कसा करायचा ते, डाउनमध्ये तो उलटा कसा फिरवायचा ते. ज्याने आयुष्यात एकदा तरी मुंबई-पुणे केलं आहे त्याला वाटेल की गेलेली गाडी परत येणारच. येते. पण अपमध्ये तुम्ही एखादा कॉलम काढून टाकला असेल, तर डाउन तो कॉलम परत आणतं, रिकामा. गाडी वेळेवर येते, डबे सगळे जागेवर असतात, फक्त आतले प्रवासी नसतात. त्यामुळे अनुभवी माणूस डाउनवर विसंबत नाही, तो बॅकअप घेतो. मी अनुभवी आहे. बॅकअप घेतो असं मी सगळ्यांना सांगतो.

आता इंडेक्स. पुस्तकाच्या शेवटी सूची असते, शब्द आणि त्याचं पान, तसाच डेटाबेसचा इंडेक्स. सगळी पानं न चाळता थेट हव्या त्या ओळीवर जाता यावं म्हणून वेगळी मांडून ठेवलेली क्रमवारी. ती ज्या रचनेत ठेवतात तिला बी-ट्री म्हणतात. बायर आणि मॅक्राइट या दोघांनी बोइंग कंपनीत काम करताना ती शोधली, १९७२ साली तिच्यावरचा त्यांचा लेख छापून आला, आणि त्यातल्या ‘बी’चा अर्थ काय हे त्यांनी कधीच स्पष्ट केलं नाही. बायरचा बी असेल, बोइंगचा असेल, बॅलन्स्डचा असेल. केलेल्या कामाची टिपणं न ठेवण्याची आमच्या धंद्यातली परंपरा इतकी जुनी आणि इतक्या थोरांपासूनची आहे.

खरं सांगायचं तर बावीस हजार ओळी म्हणजे संगणकाच्या दाताखालीही येत नाहीत. शोधण्यासाठी मला इंडेक्स नसता तरी चाललं असतं. पण इंडेक्सचा एक कडक प्रकार असतो, युनिक. त्याला सांगायचं की या कॉलममध्ये एक किंमत दोनदा येऊ द्यायची नाही. मग तो दारात उभा राहतो आणि दुसऱ्याला आत सोडत नाही. कार्यवाहांना हवा होता तो हाच. मी ‘शीर्षक’ या कॉलमवर युनिक इंडेक्स असं प्रोग्रॅममध्ये एका ओळीत लिहिलं, मायग्रेशन तयार केलं आणि चालवलं.

लाल अक्षरं आली. एरर १९१९. मथितार्थ: ‘शीर्षक’ हा कॉलम ज्या जातीचा आहे त्या जातीचा कॉलम इंडेक्सची किल्ली होऊ शकत नाही.

चूक माझी आणि फ्रेमवर्कची निम्मी निम्मी होती. शीर्षक म्हणजे मजकूर एवढंच मी सांगितलं होतं, लांबी सांगितली नव्हती. लांबी सांगितली नाही की एंटिटी फ्रेमवर्क सहा उदारपणे ‘एनव्हारचार मॅक्स’ असा कॉलम बांधून मोकळं होतं. त्यात दोन जीबीपर्यंत मजकूर मावतो. म्हणजे देवनागरीची सुमारे शंभर कोटी चिन्हं. एका पुस्तकाच्या नावाला. इंडेक्स मात्र कोकणी माणसासारखा हिशेबी. आमच्या एसक्यूएल सर्व्हर २०१४ या डेटाबेसमध्ये त्याच्या किल्लीला एकूण ९०० बाइट, एका चिन्हाला दोन, म्हणजे ४५० चिन्हं. (२०१६ च्या आवृत्तीत साध्या इंडेक्सची मर्यादा १७०० बाइट झाली, पण वाचनालयाला ती आवृत्ती येईपर्यंत थांबवणं शक्य नव्हतं.) फ्रेमवर्कची पुढची पिढी, कोअर, हे स्वतःहून ओळखते आणि इंडेक्स असलेला मजकूर गुपचूप ४५० वर आणते. सहाव्या आवृत्तीत ते शहाणपण माणसाने दाखवायचं असतं.

मी दाखवलं. लांबी दोनशे ठरवली. मराठीत दोनशे चिन्हांपेक्षा लांब शीर्षक कोण देतं?

लाल अक्षरं. एरर ८१५२: मजकूर कापला जाईल.

कुठला मजकूर, कुठल्या ओळीतला, किती कापला जाईल, काही नाही. त्या काळचा एसक्यूएल सर्व्हर हे सांगतच नसे; कॉलमचं नाव आणि कापली जाणारी किंमत सांगायची सद्बुद्धी त्याला २०१९ च्या आवृत्तीत झाली. तोवर तो तालुक्याच्या कचेरीतल्या खिडकीसारखा होता. ‘कागदात त्रुटी आहे’ एवढं बोलून खिडकी बंद.

मग मीच चाळणी लावली: दोनशेच्या वरची शीर्षकं दाखव. एकोणीस निघाली. पहिलं मी जसंच्या तसं देतो. “बनगरवाडी (प्रत २) पान ४१ व ४२ नाही, सभासदाला विचारले असता आमच्याकडे आले तेव्हापासून नाही म्हणाले, तरी अनामत रकमेतून कापू नये असे माननीय अध्यक्षांनी तोंडी सांगितले, आता हे पुस्तक खिडकीजवळच्या कपाटात वरून दुसऱ्या खणात आहे पण ते कपाट उघडताना दार उचलून धरावे नाहीतर बिजागरी निघते, चावी टेबलाच्या डाव्या खणात, खण अडकतो.”

टाइप करणाऱ्या मुलाची यात काही चूक नाही. त्याला एकच चौकोन दिला होता, आणि त्या चौकोनाला तळ नव्हता. आपण तळ नसलेला चौकोन दिला की लोक त्यात संस्थेचा इतिहास लिहितात. शेरा, अवस्था, जागा असे तीन वेगळे कॉलम केले आणि एकोणीस शीर्षकं हाताने सोडवली. त्यात दोन संध्याकाळी आणि घरातली एक चकमक गेली.

याच सुमारास मी मदतीला आमच्या टीममधला एक नवा मुलगा घेतला. हुशार, तळमळीचा, आणि बचतीची आवड असलेला.

“सर, एनव्हारचार कशाला?” तो म्हणाला. “एका कॅरेक्टरला दोन बाइट जातात. नुसतं व्हारचार केलं तर एकच. निम्मी जागा वाचते. इंडेक्सला ९०० ची मर्यादा आहे ना, ती आपोआप दुप्पट परवडेल.”

मी फोनवर होतो. मी मान हलवली. माझ्या आयुष्यातले बरेचसे मोठे निर्णय मी फोनवर असताना मानेने घेतलेले आहेत.

एनव्हारचार आणि व्हारचार यांत ‘एन’चाच फरक आहे, पण त्या ‘एन’मध्ये सगळ्या जगाच्या लिप्या राहतात. तो काढला, आणि सर्व्हर बसवताना मिळाली तशीच लॅटिन अक्षरमांडणी ठेवली असेल, तर कॉलमला देवनागरी कळत नाही. न कळणाऱ्या प्रत्येक चिन्हाच्या जागी तो एक प्रश्नचिन्ह ठेवतो. तक्रार करत नाही, थांबत नाही, लाल होत नाही. ज्या डेटाबेसने पुस्तकाचं नाव दोन अक्षरांनी लांब म्हणून मला दोन संध्याकाळी दारात उभं केलं, त्याने बावीस-चोवीस हजार शीर्षकं अक्षर अक्षर करून पुसली आणि वर ‘काम पूर्ण’ असं सांगितलं.

लाल झाला तो त्याच्या पुढच्या पायरीवर, इंडेक्स बांधताना. एरर १५०५: युनिक इंडेक्स बांधता येत नाही, कारण एकच किंमत दोनदा सापडली आहे. ती किंमत, कंसात: (?????).

पाच प्रश्नचिन्हं. मी मोजू लागलो. य, य, काना, त, वेलांटी: ‘ययाति’, पाच. क आणि त्यावर काना-मात्रा मिळून एक, स, ल, काना: हे तर चारच? पुन्हा मोजलं. क, ओकार, स, ल, काना. ‘कोसला’, पाच. पाच प्रश्नचिन्हं आणि पाच प्रश्नचिन्हं यांत डेटाबेसने फरक करायचा तरी कसा? पुढे त्याच न्यायाने रणजित देसाईंची ‘स्वामी’ आणि विश्राम बेडेकरांचं ‘रणांगण’ ही सहा-सहा प्रश्नचिन्हांत विलीन झालेली निघाली. माधवराव पेशवे थेऊरऐवजी युरोपातून निघालेल्या बोटीवर. समीक्षकांनी आयुष्यं घालवली ते भेद आमच्या पोराने एका मायग्रेशनमध्ये मिटवले होते.

“सर, डाउन चालवू?” त्याने विचारलं.

त्याने डाउन चालवलं. कॉलम पुन्हा एनव्हारचार झाला. त्यात प्रश्नचिन्हं होती. डबे जागेवर, प्रवासी नाहीत.

बॅकअप होता. मी घेतला नव्हता, त्या पोराने घेतला होता, स्वतःच्या मनाने, आदल्या रात्री. त्या दिवसापासून त्याने माझ्यासमोर काहीही बोललं तरी मी आधी फोन ठेवतो.

सगळं पूर्ववत करून, देवनागरी देवनागरीत ठेवून, आम्ही पुन्हा इंडेक्स बांधायला घेतला. पुन्हा १५०५. पण या वेळी कंसात प्रश्नचिन्हं नव्हती. ‘श्यामची आई’ होती. इथे मी पहिल्यांदा ते केलं जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. इंडेक्सवर डोकं आपटण्याआधी डेटालाच विचारलं, की बाबा, कुठली किंमत एकाहून जास्त वेळा आहे, आणि किती वेळा? एवढी साधी चौकशी; पण आम्ही सगळे आधी मायग्रेशन चालवतो आणि मग चौकशी करतो. मुलगी पाहायला जायच्या आधी पत्रिका छापून आणण्यातलाच हा प्रकार.

यादी घेऊन मी ग्रंथपालकाकांकडे गेलो.

“काका, ‘श्यामची आई’ सहा वेळा आली आहे. पाच काढून टाकू?”

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “सहा प्रती आहेत. आठ होत्या.”

“आणि ‘ज्ञानेश्वरी’ चौदा?”

“चौदा वेगवेगळ्या. संपादक वेगळे, प्रकाशक वेगळे. तुमच्या कॉम्प्युटरला सगळ्या सारख्या दिसतात का?”

“बरं, पण हे बघा. ‘ययाति’ एक आणि ‘ययाती’ एक. हे तर नक्की एकच ना? एक दुरुस्त करून टाकतो.”

“कुठलं चूक आहे?” त्यांनी शांतपणे विचारलं.

आणि मी अडकलो. आज आपण शेवटचा इकार दीर्घ लिहितो तो १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांपासून. कादंबरी त्याच्या तीन वर्षं आधीची. पुस्तकावर ऱ्हस्व छापलेलं. टाइप करणारा मुलगा मात्र नियमांनंतर जन्मलेला. पुस्तकाच्या बाजूने एक बरोबर, शाळेच्या बाजूने दुसरं. इंडेक्सला दोन्ही वेगळी दिसत होती आणि त्याने दोघांना आनंदाने आत घेतलं असतं. म्हणजे हा दारवान असा की सहा खऱ्या प्रतींना अडवत होता आणि एका खोट्या प्रतीला सलाम करत होता. त्यात मराठीचा ‘ऱ्य’ दोन प्रकारांनी टाइप होतो, एकदा नुक्तावाल्या ऱ-ने आणि एकदा साध्या र-ला अदृश्य जोडखूण लावून. ‘दऱ्या’ पडद्यावर डोळ्याला एकच, आत दोन वेगळे क्रम. डेटाबेसच्या काही अक्षरमांडण्यांत ते एकच मानले जातात, काहींत नाहीत. मी ‘दऱ्या’ या शब्दाकडे बराच वेळ पाहत राहिलो आणि मग तो विषयच सोडून दिला.

शीर्षक गेलं. मग नवा मुलगा म्हणाला, “सर, आयएसबीएन! जगातल्या प्रत्येक पुस्तकाला वेगळा असतो.”

कल्पना उत्तम. मला दिसलेली अडचण एवढीच, की आयएसबीएन हे आंतरराष्ट्रीय मानक झालं १९७० साली, आणि आमच्या वाचनालयाची अर्धी कपाटं त्याच्या आधीची. ज्या पुस्तकाला तो नाही तिथे कॉलम रिकामा, डेटाबेसच्या भाषेत नल. नल म्हणजे शून्य नव्हे, कोरी जागाही नव्हे. नल म्हणजे ‘माहीत नाही’. आता दोन गोष्टी मला माहीत नसतील तर त्या एकच आहेत का? पोस्टग्रेस नावाचा डेटाबेस म्हणतो, नाही. घाला हवे तितके नल. एसक्यूएल सर्व्हर म्हणतो, युनिक इंडेक्सपुरते सगळे अज्ञान सारखेच, एक नल चालेल, दुसरा चालणार नाही. म्हणजे सगळ्या वाचनालयात आयएसबीएन नसलेलं नेमकं एक पुस्तक ठेवायची परवानगी.

यावर उपाय आहे, आणि तो मला माहीत होता म्हणून मी जरा छाती काढून सांगितला: गाळणी लावलेला इंडेक्स. ‘जिथे आयएसबीएन आहे तिथेच पहारा दे’, एवढी अट घालायची. एसक्यूएल सर्व्हरमध्ये हे २००८ पासून जमतं. कोअर ही अट आपणहून लिहितो. सहाव्या आवृत्तीत मायग्रेशनमध्ये कच्चं एसक्यूएल हाताने घालावं लागतं. घातलं. चालवलं. १५०५. कंसात: (नाही).

मुलं प्रामाणिक होती. आयएसबीएनचा चौकोन दिसला, पुस्तकावर नंबर दिसला नाही, त्यांनी लिहिलं ‘नाही’. काहींनी ‘नाहि’. काहींनी आडवी रेघ, काहींनी शून्य, एकाने ‘छापलेला नाही, दोनदा पाहिले’. डेटाबेसच्या दृष्टीने हे सगळे आयएसबीएन होते.

एव्हाना माझ्या मायग्रेशनच्या फोल्डरमध्ये फाइली जमल्या होत्या: इंडेक्स दुरुस्ती, इंडेक्स दुरुस्ती फायनल, फायनल दोन, फायनल खरंच, नाही. शेवटच्या फाइलचं नाव ‘नाही’ का ठेवलं ते मला आता आठवत नाही. बहुधा मनःस्थिती.

आणि तेवढ्यात भाचा आला. कार्यवाहांचा. तो कुठल्याशा क्लासात डेटाबेस शिकत होता. आमच्या मशीनवर निमूट चालणारं मायग्रेशन वाचनालयाच्या मशीनवर एरर १९१३ देऊ लागलं: या नावाचा इंडेक्स आधीच अस्तित्वात आहे. मी म्हटलं, शक्य नाही. भाचा म्हणाला, “ते मी रविवारी बनवून ठेवलं ना. तुमचं काम हलकं व्हावं म्हणून.” कोड-फर्स्टचा एकच धर्म आहे: डेटाबेसला हात लावायचा तो मायग्रेशनमधून. कुठलं मायग्रेशन झालं आणि कुठलं नाही याची नोंद फ्रेमवर्क एका वेगळ्या टेबलात ठेवतं आणि त्या नोंदीवर आंधळा विश्वास टाकतं. कुणी मागच्या दाराने येऊन खुर्ची हलवली तर ती नोंद म्हणते, खुर्ची हललेली नाही, आणि पुढचं पाऊल त्याच खुर्चीला अडखळतं. भाच्याचा इंडेक्स काढला, नोंद आणि वस्तुस्थिती यांची सोयरीक पुन्हा जुळवली. पण इंडेक्स कशावर बांधायचा हा मूळ प्रश्न होता तिथेच.

“तुमचं नक्की अडलंय कुठे?” एका संध्याकाळी ग्रंथपालकाकांनी विचारलं. वाचनालय बंद व्हायची वेळ होती. मी सांगितलं. प्रत्येक प्रत दुसऱ्या प्रतीपासून वेगळी ओळखता येईल असं काहीतरी हवं, जे कधीच दोनदा येणार नाही.

ते उठले, कपाटातून एक लांबरुंद, कापडी पाठीची वही काढली आणि माझ्यासमोर ठेवली. दाखल नोंदवही. वाचनालयात आलेल्या प्रत्येक प्रतीला आल्या क्षणी एक आकडा, १ पासून, ओळीने. सहा ‘श्यामची आई’, सहा आकडे. तोच आकडा पुस्तकाच्या मुखपृष्ठामागे, तोच मधल्या एका ठरलेल्या पानावर. पुस्तक हरवलं तर आकडा खोडायचा नाही, समोर शेरा मारायचा. ग्रंथ गेला तरी क्रमांक दुसऱ्याला द्यायचा नाही.

“हा एक्सेलमध्ये का नाही?” मी विचारलं.

“आहे की. शेवटचा रकाना. तुम्ही उजवीकडे सरकवून पाहिलं नाहीत.”

पाहिलं नव्हतं. दोन महिने मी ज्या प्रश्नाशी झटत होतो त्याचं उत्तर त्याच फाइलमध्ये, पडद्याच्या कडेपासून तीन बोटं पलीकडे होतं. दाखल क्रमांक. पूर्णांक. चार बाइट. ना ऱ्हस्व, ना दीर्घ, ना नल. दोनदा टाइप झालेली कपाटं एका झटक्यात उघडी पडली, कारण तिथे क्रमांकही दोनदा होते. ती काढली, चोवीस हजारांचे बावीस झाले, आणि त्याच रात्री काकांना शेजारी बसवून मी कॉलमवर युनिक इंडेक्स लिहून मायग्रेशन चालवलं.

१५०५. कंसात: (१४२०६).

“अशक्य,” मी म्हणालो.

काका मात्र ‘अशक्य’ म्हणाले नाहीत. त्यांनी वही उघडली, बोट ओळीवरून खाली नेलं आणि थांबवलं. १४२०६, एक प्रवासवर्णन. त्याच्या खाली १४२०६, एक पाककृतींचं पुस्तक. पण त्याच्या आकड्यापुढे लाल शाईत एक छोटा ‘अ’, आणि समासात त्याच शाईत: ‘अनवधानाने क्रमांक दोनदा पडला. यास ‘अ’ समजावे.’ खाली त्यांच्या आधीच्या ग्रंथपालांची सही आणि तारीख. काही खोडलेलं नाही, काही मागे फिरवलेलं नाही. पुढचे आठ हजार क्रमांक हलवलेले नाहीत. चूक जिथे झाली तिथेच, तारखेसकट, नावासकट दुरुस्त केलेली. माझ्या फोल्डरमधल्या कुठल्याही मायग्रेशनपेक्षा हे स्वच्छ होतं.

एक्सेल करताना मुलांनी तो ‘अ’ गाळला होता. आकड्यांच्या रकान्यात अक्षर कशाला, असं त्यांना वाटलं असणार. मलाही वाटलं असतं.

“मग ‘अ’ घ्या ना,” काका म्हणाले.

घेतला. पण ‘अ’ घ्यायचा तर कॉलम पूर्णांक ठेवता येत नाही, मजकूर करावा लागतो. मी प्रोग्रॅममध्ये त्या एका शब्दाची जात बदलली, पोराने दोन्ही ओळी नीट केल्या, बॅकअप घेतला (त्याने), आणि मी मायग्रेशन चालवलं.

लाल अक्षरं. एरर १९१९.

लांबी लिहायची राहिली होती.

काका थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिले. मग वहीच्या समासाकडे पाहिलं, मग पुन्हा पडद्याकडे.

“तुमच्यातही लाल शाईच वापरतात का?” ते म्हणाले. “फक्त सही दिसत नाही कुणाची.”